सेट नवा, बॅटरी बसलेली

पूर-भूकंपात उपयोगी पडेल म्हणून घेतलेला वायरलेस सेट ऐन वेळी बंद पडतो, तेव्हा दोष बहुधा सेटचा नसतो. चांगल्या सेटला वीस-पंचवीस वर्षं काही होत नाही. बसलेली असते ती त्याच्या पाठीवरची बॅटरी. तीही त्याच दिवशी बसत नाही. कपाटात, चार्जरवर, हिरवा दिवा लागलेल्या अवस्थेत केव्हाच बसलेली असते. हौशी रेडिओवाल्यांनी, शाळांनी, सोसायट्यांनी आणि सरकारी खात्यांनी आता सेट मोजणं थांबवावं आणि बॅटऱ्यांची वही ठेवायला लागावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

मी राहतो गौलीगुड्यात. मुसी नदी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. 28 सप्टेंबर 1908 च्या महापुराच्या गोष्टी आमच्या भागातल्या जुन्या मराठी घरांत अजून सांगितल्या जातात. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या ज्या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचल्याचं सांगतात, ती चिंच आजही पाहायला मिळते. ही फार जुनी गोष्ट झाली म्हणावं, तर सप्टेंबर 2025 च्या अखेरीस याच मुसीचं पाणी महात्मा गांधी बस स्टँडात शिरलं आणि प्रवासी आत अडकले. अशा रात्री वीज जाते. मोबाइल टॉवरखालच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, मग जनरेटरला डिझेल लागतं, आणि डिझेलच्या गाडीला रस्ता लागतो.

नोकरी मी टेलिफोन खात्यात केली. जुन्या माणसांना आठवत असेल, गावातली वीज गेली तरी काळा फोन चालायचा. त्यामागे एक्स्चेंजमधली बॅटरी रूम होती. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीने जोडलेले, आत आम्लाचा वास, भिंतीला हायड्रोमीटर टांगलेला आणि टेबलावर रजिस्टर. त्या चोवीसांतला एक ‘पायलट सेल’ म्हणून ठरवलेला असे. त्याचं व्होल्टेज आणि आम्लाची घनता रोज लिहायची, ठरल्या मुदतीने सगळ्या सेलची लिहायची, डिस्टिल्ड वॉटर घातलं तर तेही लिहायचं. साहेब तपासणीला आले की आधी बॅटरी रूमचं रजिस्टर मागायचे, स्विच रूममध्ये नंतर जायचे. तेव्हा आम्हाला ती कटकट वाटे. आज हौशी रेडिओ क्लबांची आणि आपत्कालीन कक्षांची कपाटं पाहिली, की ते रजिस्टर आठवतं.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना आणि कॉलसाइन मिळवणारे आम्ही लोक. हैदराबादला या छंदाची मोठी परंपरा आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ ही संस्था 1983 पासून इथेच, सोमाजीगुड्यात आहे. डिसेंबर 2004 मध्ये याच संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलत होत्या. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि छंदासाठी नेलेल्या सेटवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. मोबाइलच्या जमान्यात रेडिओ कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो. पण एक पुस्तीही जोडतो. तो चमू तीन आठवड्यांहून जास्त काळ रोज सेट चालवत होता. कोणती बॅटरी किती चालते हे त्यांना वापरातून ठाऊक असणार. कपाटातून पहिल्यांदाच काढलेल्या सेटला हा फायदा नसतो.

बॅटरी मेलेली असूनही जिवंत का दिसते, हे समजून घेण्यासारखं आहे. हातातला छोटा सेट, ज्याला आम्ही हँडी म्हणतो, नुसता ऐकत असतो तेव्हा जेमतेम शंभर मिलिअँपिअरच्या आत वीज खातो. बोलण्यासाठी बटण दाबलं आणि पाच वॉट हवेत सोडले, की तोच सेट एकदम दीड अँपिअरच्या आसपास मागतो. जुन्या बॅटरीच्या पोटातला रोध वाढलेला असतो. थोडी वीज मागितली तर ती देते, जास्त मागितली की तिचं व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि सेट बंद होतो. म्हणजे दुसऱ्याचं सगळं स्वच्छ ऐकू येतं, स्वतःला मात्र एक वाक्य बोलता येत नाही. म्हणून ‘सेट लावून पाहिला, आवाज येतो, ओके’ ही तपासणी निरुपयोगी आहे. मीटरवर नुसतं व्होल्टेज पाहणंही जवळपास तितकंच निरुपयोगी.

खरी तपासणी भार टाकून होते. बारा व्होल्टच्या सात अँपिअर-तासाच्या शिशाच्या बंद डबा बॅटरीसाठी मी गाडीच्या इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब वापरतो. बॅटरी पूर्ण भरायची, बल्ब जोडायचा, घड्याळ लावायचं, व्होल्टेज साडेदहावर आलं की काढायचा. नवी बॅटरी तीन तासांच्या आसपास चालते. दीड तासात माघार घेतली, तर तिला इन्व्हर्टरवाल्याकडे मोडीत द्यावी. तपासल्यावर लगेच भरायची हे मात्र विसरू नये. शिशाची बॅटरी उतरलेली पडून राहिली की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर घट्ट बसतो.

लिथियमचा मामला वेगळा, आणि गोंधळ तिथेच जास्त आहे. निकेल-कॅडमिअमच्या दिवसांत ‘पूर्ण उतरवा, मग भरा’ असा सल्ला होता. तेव्हा त्यात तथ्य होतं. आज तोच सल्ला वडीलधारे हॅम लिथियमच्या पॅकलाही देतात, आणि त्याने पॅकचं नुकसानच होतं. लिथियमचे शत्रू दोन: उष्णता आणि काठोकाठ भरलेपण. ढोबळ मानाने, पूर्ण भरलेला पॅक चाळीस अंशांत वर्षभर ठेवला तर त्याची एक-तृतीयांश क्षमता कायमची जाते. तोच चाळीस टक्के भरून पंचवीस अंशांत ठेवला तर चार-पाच टक्केच. आता हैदराबादचा मे महिना आठवा आणि पत्र्याच्या छताखालचं लोखंडी कपाट आठवा. ‘सदैव सज्ज’ राहावं म्हणून वर्षभर चार्जरवर ठेवलेला पॅक त्या सज्जतेपायीच संपतो.

यावर क्लबातले मित्र विचारतात, मग काय अर्धा भरून ठेवायचा? पूर रात्री दोनला आला तर? प्रश्न बरोबर आहे. तयारी आणि आयुष्य दोन्ही एकाच पॅकमध्ये मिळत नाहीत. एका सेटला दोन पॅक घ्यावेत, एक पूर्ण भरलेला आणि एक अर्धा, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांची अदलाबदल करावी. भरलेला झिजणार हे मान्य करून तीन वर्षांनी नवा घ्यावा. शिवाय काही जुन्या हँडींना सहा पेन्सिल सेल बसणारी रिकामी डबी मिळते. नव्या मुलांना ती मागासलेली वाटते. माझ्या मते आपत्कालासाठी तिच्यापेक्षा शहाणी वस्तू नाही. चांगले अल्कलाइन सेल पाकिटात बरीच वर्षं टिकतात, किराणा दुकानातही मिळतात, आणि त्यांना चार्जर लागत नाही. फक्त ते डबीत भरून सेटला लावून ठेवू नयेत, पाझरतात.

बाजाराचंही बोलायला हवं. आमच्या शेजारी कोठीची गुजराती गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची पंढरी. तिथे एका दुकानात मला 18650 मापाचे लिथियम सेल दाखवले गेले. अठरा मिलिमीटर जाडीचे, पासष्ट लांबीचे, आणि वर छापलेलं 9800 मिलिअँपिअर-तास. या मापात उत्तमोत्तम कंपन्यांचे सेलही 3500 च्या आसपास थांबतात. मी तसं म्हटलं, तर उत्तर आलं, “साब, लिखा है ना, पढ लो.” सेल हातात घेतला तर हलका. अशा सेलचा पॅक बांधून कुणी आपत्कालीन पेटीत ठेवला, तर पूर्ण भरलेला असतानाही तो निम्म्याच्याही आत संपणार. घेणाऱ्याने बिल मागावं, प्रमाणन मागावं, आणि आकडा न वाचता बल्ब लावून पाहावं.

फुगलेल्या पॅकला टोचून हवा काढणारे महाभागही मी पाहिले आहेत. हा निव्वळ आगीशी खेळ आहे. तो पॅक वापरातून काढायचा, टोकांना चिकटपट्टी लावायची आणि कचऱ्यात न टाकता संकलन केंद्राकडे द्यायचा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गल्लीतल्या दुकानदाराला विचारा, तो खांदे उडवतो.

खरी अडचण पैशांच्या खात्यात आहे, आणि खात्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून हे बोलतो. सेट खरेदी ही भांडवली बाब. तिचं टेंडर निघतं, उद्घाटन होतं, फोटो येतो. बॅटरी ही उपभोग्य वस्तू. तिच्या बदलाच्या कागदावर सही करायला कुणी तयार नसतं, कारण जुनी ‘चालू आहे’ असा शेरा असतो. सेट खरेदीच्या मंजुरीतच तीन वर्षांनंतरच्या पॅकची रक्कम बांधून टाकावी. हे नियमाने करता येण्यासारखं आहे, त्यासाठी नवं संशोधन नको की समिती नको.

वही फार मोठी नको. पॅकवर मार्करने खरेदीचा महिना-वर्ष, आणि वहीत सहा महिन्यांतून एकदा भार टाकून किती वेळ चालला तो आकडा. ऑक्टोबरमध्ये स्काउटांची जांबोरी-ऑन-द-एअर, म्हणजे रेडिओवरून भरणारा मेळावा, असते. तेव्हा सगळे सेट कपाटाबाहेर येतातच, त्याच दिवशी यातली एक नोंद करावी.

तुमच्या शाळेत, सोसायटीत किंवा कार्यालयात असं कपाट असेल, तर या आठवड्यात ते उघडा. परवानाधारकाला सेट हातात देऊन सलग एक मिनिट बोलायला सांगा आणि पॅकवरची तारीख बघा. तारीख लिहिलेली नसेल, तर पॅक जुना समजून बदला.