२० हजारांत अडकलेले सामान

देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या २०२४ मध्ये १६ कोटींच्या पुढे गेली. नवे विमानतळ, नवे मार्ग, नव्या विमानांच्या मागण्या यांचे आकडे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जातात. प्रवाशाने विश्वासाने कंपनीच्या हवाली केलेले सामान हरवले, फुटले किंवा उशिरा पोहोचले तर त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न मात्र या प्रगतिपुस्तकात क्वचितच दिसतो. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपल्या विमान वाहतूक धोरणातील एक जुनी विसंगती समोर येते.

लखनऊहून दिल्लीला जाणाऱ्या एका विमानात शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांचा विचार करू. एकाचे तिकीट दिल्लीपर्यंतचे आहे. दुसऱ्याचे त्याच तिकिटावर पुढे दुबईपर्यंतचे. दोघांच्याही बॅगा लखनऊ-दिल्ली टप्प्यातच हरवल्या. दुसऱ्याचा संपूर्ण प्रवास १९९९ च्या माँट्रियल कराराखाली आंतरराष्ट्रीय ठरतो. भारत या करारात २००९ मध्ये सामील झाला असून ‘कॅरेज बाय एअर अ‍ॅक्ट, १९७२’च्या तिसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. पहिल्याला लागू होते ती याच कायद्याखालील २०१४ ची देशांतर्गत अधिसूचना. तिने सामानासाठी प्रतिप्रवासी कमाल २० हजार रुपयांची मर्यादा घातली. करारातील मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ ‘एसडीआर’, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनानुसार दीड लाख रुपयांहून अधिक आहे. विमान तेच, चूक तीच. किंमत मात्र वेगळी.

ही तफावत केवळ आकड्यांची नाही, पद्धतीची आहे. माँट्रियल करारात महागाईचा आढावा दर पाच वर्षांनी घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे मूळची १००० एसडीआरची मर्यादा २००९ मध्ये ११३१, २०१९ मध्ये १२८८ आणि पुढे १५१९ झाली. २०१४ च्या देशांतर्गत मर्यादेला असे स्वयंचलित चक्र जोडलेलेच नाही. तिकिटाचे दर मागणीनुसार तासातासाला बदलू शकतात, जादा वजनाचे शुल्क वाढू शकते, पण प्रवाशाच्या नुकसानीचे मोल सरकारी सवडीवर अवलंबून राहते.

मर्यादेला मुळात विरोध असण्याचे कारण नाही. सुपूर्द केलेल्या सामानाचे नुकसान वा हानी झाल्यास कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे कायद्याने प्रवाशावर टाकलेले नाही. त्या बदल्यात कंपनीच्या दायित्वाला कमाल सीमा मिळाली. अधिक मौल्यवान सामान असल्यास ते सोपवताना विशेष मूल्य घोषित करून जादा शुल्क भरण्याची सोयही करारात आहे. हा सौदा तत्त्वतः न्याय्य आहे. पण एक बाजू गोठलेली असेल तर तो सौदा राहत नाही.

दुसरी अडचण माहितीची. सामान खराब झाले असल्यास ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आले असल्यास हाती पडल्यापासून २१ दिवसांत कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवल्याचे धरून दावा करता येतो. न्यायालयात जाण्याची मुदत २ वर्षांची. तक्रार न करता सामान स्वीकारल्यास ते सुस्थितीत मिळाल्याचे प्रथमदर्शनी मानले जाते. विमानतळावर भरून दिला जाणारा ‘पीआयआर’ आवश्यकच. पण केवळ त्यावर विसंबणे जोखमीचे आहे. बॅगेची चिठ्ठी, बोर्डिंग पास आणि खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात. तिकीट विकताना यातले किती सांगितले जाते?

गेल्या वर्षी माझी बॅग दोन दिवस उशिरा आणि तुटक्या चाकासह आली. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने सौजन्याने पुढील प्रवासाचे एक सवलत कूपन पुढे केले. सोबत ‘आता कोणताही दावा उरला नाही’ अशा मजकुराचा कागद होता. मी सही केली नाही, कारण मला नियम ठाऊक होते. आखातातून सुट्टीवर परतणारा मजूर किंवा पहिल्यांदाच विमानात बसलेले कुटुंब त्या खिडकीपाशी काय करेल, हा खरा प्रश्न आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या प्रवाशाच्या बाजूने आहे. तो राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागू शकतो आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ‘एअरसेवा’ व १९१५ ही ग्राहक हेल्पलाइनही आहे. पण २० हजारांच्या बॅगेसाठी तारखांमागे धावणे किती जणांना परवडेल? न्याय मिळवण्याचा खर्च भरपाईहून अधिक असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

सरकारला हवे तेव्हा सामानाच्या बाबतीत हालचाल होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा विभागाने सात कंपन्यांना शेवटची बॅग ३० मिनिटांत पट्ट्यावर आणण्याचे निर्देश दिले. मिनिटे मोजणाऱ्या यंत्रणेला रुपये मोजणे अवघड नाही.

माझ्या मते तीन पावले पुरेशी आहेत. देशांतर्गत मर्यादा महागाई निर्देशांकाशी जोडून ठरावीक काळाने आपोआप वाढावी. बॅग उशिरा आल्यास तातडीच्या गरजांसाठी किमान रक्कम विमानतळावरच, विनाअट मिळावी. आणि ७ व २१ दिवसांची मुदत तिकिटावर तसेच बॅगेच्या चिठ्ठीवर प्रवाशाच्या भाषेत छापावी. १९३४ च्या कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्या नूतनीकरणाचा लाभ प्रवाशाच्या बॅगेपर्यंतही पोहोचायला हवा.