पावती फाडल्यानंतर

सुपरमार्केट नावाच्या नव्या पेठेने आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गिऱ्हाइकाला काही गोष्टी निःसंशय दिल्या आहेत, आणि त्यांचा उल्लेख आरंभीच केला नाही तर पुढे जे लिहावयाचे आहे ते एकांगी ठरेल. भाव वेष्टनावर छापलेला असतो, त्यामुळे घासाघीस करण्याचे कारण उरत नाही. वस्तू हातात घेऊन, उलटसुलट पाहून, पसंत न पडल्यास जागच्या जागी ठेवून देता येते. आणि ज्या बायामाणसांना पेढीवरच्या शेटजींसमोर उभे राहून चार वस्तू मागून पाहण्याचा संकोच वाटे, त्यांनाही तेथे कोणाची परवानगी न मागता हिंडता येते. कुडाळ-कणकवलीकडे महामार्गालगत आणि आता मालवणसारख्या बंदराच्या गावातही अशी दुकाने उभी राहिली आहेत, त्यांत गर्दी असते, आणि ती गर्दी उगाच होत नाही.

परंतु गिऱ्हाइकाने आपल्या हाताने माल उचलून गल्ल्यावर न्यावा ही पद्धत मुळात वाणसामानासाठी निघाली. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरी क्लॅरन्स सॉन्डर्स या व्यापाऱ्याने 'पिगली विगली' नावाचे जे दुकान काढून तिचा पाया घातला, ते किराण्याचेच होते. तूरडाळ, साबण, चहापत्ती यांचा व्यवहार मोल चुकते करताच बहुतांशी पुरा होतो, कारण डाळ कशी शिजवावी हे विकणाऱ्यापेक्षा विकत घेणारीलाच अधिक कळते. मिक्सर, पंखा, इस्त्री, इन्व्हर्टर यांची गोष्ट निराळी आहे. यंत्राचा खरा व्यवहार ते घरी नेऊन प्लग लावल्यावर सुरू होतो, आणि तेथून पुढे निदान हमीची मुदत संपेपर्यंत विकणारा आणि घेणारा एकमेकांशी बांधलेले असतात. डाळीच्या शेजारच्या फळीवर मिक्सर मांडून तो डाळीच्याच रीतीने विकावयाचा, आणि पावती फाडल्यानंतर त्याच्याशी आपला संबंध नाही असे म्हणावयाचे, या रीतीविषयी माझी तक्रार आहे.

गेल्या चतुर्थीच्या तोंडावर आमच्या घरी असाच एक मिक्सर आला. दुकानाचे नाव मी येथे घालीत नाही, कारण माझा वाद एका दुकानाशी नाही. मुंबईकर मंडळी गावी आलेली, घर माणसांनी भरलेले, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठी भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप करावयाचे. अशा वेळी भांडे अर्धेमुर्धे फिरून यंत्र जे थांबले ते थांबलेच, आणि तळातून जळकट वास येऊ लागला. वाटपाचा भार अधिक झाल्यास प्रवाह आपोआप तुटावा म्हणून अशा यंत्राच्या बुडाशी बहुधा एक लाल बटण असते, ते दाबून पाहिले. भांडे रिकामे करून पाहिले. काही उपयोग झाला नाही. तेव्हा वहिनी तो मिक्सर त्याच्याच खोक्यात घालून दुकानात घेऊन गेल्या.

तेथे जे घडले त्यात उर्मटपणा नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. गल्ल्यावरच्या पोराने खोके उघडलेही नाही. लाल बटण दाबलेत का, किती खोबरे घातले होते, वीज कमी-जास्त होत होती का, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही, कारण असे प्रश्न असतात हे त्याला कोणी शिकविलेलेच नव्हते. "काकी, आमी फकत इकतो, फुडचा सगळा कंपनी बघता," एवढे सांगून त्याने खोक्यावर छापलेला दूरध्वनी क्रमांक बोटाने दाखविला. वहिनी म्हणाल्या, "अरे, मिया पैशे तुका दिलंय, आता कंपनीक खंय सोदूक जाव?" या प्रश्नाला त्या पोराकडे उत्तर नव्हते, त्याच्या व्यवस्थापकाकडेही नव्हते. दूरध्वनीवर यंत्राचा आवाज हिंदी आणि इंग्रजी या दोन भाषांपैकी एक निवडावयास सांगत राहिला, आणि अखेर जे माणूस बोलले त्याने दुरुस्तीचे केंद्र कोल्हापुरात असल्याचे कळविले. म्हणजे एका मिक्सरसाठी घाट चढावयाचा आणि, दुरुस्ती तत्काळ न झाल्यास, तो पुन्हा चढावयाचा. यात मिक्सरच्या किमतीचा केवढा हिस्सा खर्ची पडेल याचा हिशेब करून पुष्कळ माणसे गप्प बसतात, आणि त्यांचे गप्प बसणे हेच या रीतीचे भांडवल होते.

जुन्या बाजारपेठेतील विजेच्या सामानाच्या दुकानांत सगळेच सुखाचे होते असे नाही. माल मोजका असे आणि भावही कधी चढा लागे. तथापि साधा दिवा विकत घेतला तरी दुकानदार तो फळीवरच्या होल्डरमध्ये लावून, पेटवून दाखवी आणि मगच कागदात गुंडाळून देई. पंखा घेतला तर हमीपत्रावर तारीख घालून, शिक्का मारून, सही करी. आणि वस्तू बिघडली तर ती ठेवून घेऊन कंपनीकडे पाठविण्याची तजवीज तोच करी. कंपनी कोठे आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असण्याची गरज नसे. दुकानदाराला मिळणाऱ्या नफ्याचा काही अंश या पुढच्या श्रमांचा मोबदला आहे, ही समजूत दोन्ही बाजूंस होती.

ही समजूत निव्वळ भलेपणाची नव्हती, तिला कायद्याचा आधार होता व आजही आहे. आपल्याकडील वस्तुविक्रीचा अधिनियम १९३० सालचा; त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून कोणी वर्णनावरून माल घेतला, तर तो विक्रीयोग्य प्रतीचा असलाच पाहिजे, ही अट त्याच्या सोळाव्या कलमाने व्यवहारात गृहीत धरलेली आहे. सौदा झाला तो गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात, कंपनी त्या सौद्यात समोर नव्हतीच. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याची जागा घेणारा २०१९ सालचा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्याने तर शंकेला जागाच ठेवली नाही. पावती न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. आणि सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत, तशी मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन रक्कम देण्याचे नाकारणे ही देखील अनुचित प्रथाच ठरविली आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत त्यामुळे निरर्थक ठरते.

विक्रेत्याच्या वर्तनावर सत्तेने नजर ठेवावी हा विचार आपल्याला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि हीन प्रतीची वस्तू अस्सल म्हणून विकणाऱ्यास तिच्या मूल्याच्या आठपट दंड सांगितला आहे. मात्र राजदंडाची वाट पाहत न बसता गिऱ्हाइकांनीच संघटित व्हावे, हा विचार अर्वाचीन महाराष्ट्राने केला. मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली सहकारी ग्राहक संस्था निघाली, तिचेच पुढे 'अपना बाजार' झाले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली आणि पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत आली. गिरणगावात आयुष्य काढलेल्या कोकणी माणसाला हा वारसा परका नाही. गावी परतताना तो मुंबईतच ठेवून येण्याचे कारण नाही.

आमच्या किनाऱ्यावर तर या जबाबदारीचे महत्त्व दुप्पट आहे. खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो, पावसाळ्याचे चार महिने दमटपणा यंत्रांच्या अंतर्भागात शिरून बसतो, वीज कमी-अधिक दाबाने येते, आणि मे महिन्यातल्या वळवाच्या कडकडाटात तारांवाटे आलेला धक्का घरातील उपकरणे निकामी करतो. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर विजेवाचून दिवस काढलेल्या माणसाला इन्व्हर्टर किंवा शीतकपाट ही चैन वाटत नाही. मासळी टिकविणारी, न्याहारीची खोली चालविणारी बाई त्यावर पोट भरते. अशा प्रदेशात यंत्रे विकणाऱ्याने 'हे मॉडेल येथे टिकेल का' या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे एक तरी जाणते माणूस दुकानात ठेवणे, हा त्याच्या धंद्याचा प्राथमिक धर्म आहे.

आणखी एक गोष्ट फार क्षुल्लक दिसते, पण तिच्यापायी अनेकांचा हक्क बुडतो. सुपरमार्केटची पावती उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेली असते. तीत शाई नसतेच. कागदावरील रासायनिक लेप तापून अक्षरे उमटतात, आणि ऊन, उष्मा वा तेलकट हात लागून ती विरतातही. यंत्राची हमी वर्ष-दोन वर्षांची, आणि ती सिद्ध करणारा दस्तऐवज काही महिन्यांत कोरा! म्हणून पावती घरी आणताच तिची झेरॉक्स काढावी, मोबाइलमध्ये छायाचित्र घेऊन ठेवावे, आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घेतल्यावाचून गल्ला सोडू नये. दुकानदारांनीही यंत्राचे बिल साध्या कागदावर छापून द्यावे. त्याला असा कोणता खर्च येतो?

एवढे करूनही दाद मिळाली नाही तर तोंडी वाद घालण्यात अर्थ नाही. तक्रार लेखी द्यावी, तिच्या प्रतीवर पोच घ्यावी, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ती नोंदवावी, आणि मग ओरोसला, आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करावा. कंपनीची कचेरी कोठेही असली तरी गिऱ्हाईक जेथे राहते तेथील आयोगाकडे त्याला फिर्याद नेता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही; वकील लावलाच पाहिजे असे नाही; मुदत दोन वर्षांची आहे. निकालाला कायद्यात सांगितलेल्या तीन किंवा पाच महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो हे खरे, पण आयोगाची नोटीस हाती पडल्यावर पुष्कळ दुकानांना आपली जबाबदारी आठवते, हेही तितकेच खरे.

दुकानदारांकडे माझे मागणे थोडकेच आहे. यंत्र गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवा. त्या विभागावर यंत्राची माहिती असलेला माणूस बसवा आणि त्याला आपल्या भाषेत बोलू द्या. बिघडलेली वस्तू तुम्ही ठेवून घ्या आणि घाटापलीकडे पाठविण्याचा भार तुम्ही उचला, कारण तुमच्या मालाची गाडी रोज तो घाट उतरते-चढते. हे ज्या दुकानात होणार नाही तेथून डाळ आणि साबण अवश्य घ्यावा. मिक्सर घेऊ नये.