चाल कुणाची?

वाकडच्या आमच्या शाळेत एका मुलाने कॅसिओवर धून वाजवली. म्हणाला, "मॅडम, हे आजोबांचं आवडतं हिंदी गाणं." मूळ धून मोझार्टच्या ४० व्या सिंफनीची. सलील चौधरींनी 'छाया'साठी (१९६१) सुरुवात तिथून घेतली, पुढची वाट मात्र स्वतःची काढली. ही चोरी? मला नाही वाटत. पण मूळ कुणाचं, हे मुलांना सांगायला हवं.

आपल्या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडून बघा. किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मध्ये पदाच्या डोक्यावर चक्क 'चाल' छापलेली असते, कुठल्या गाण्यावरून घेतली ते! भास्करबुवा बखल्यांनीही 'स्वयंवर'च्या (१९१६) कितीतरी चाली बंदिशींवरूनच बांधल्या.

आणि आपण? मुलं प्रकल्प नेटवरून जसाच्या तसा उतरवतात. आपण शेरा देतो, 'छान'. 'कुठून घेतलं?' एवढंही विचारत नाही.