पालकांच्या बाकावरून : ‘जोर लाव’ म्हणू नका



गणपतीच्या कार्यक्रमात तिघा-चौघांनी विचारलं, निम्म्या मंडळाची पोरं कराटेला जातात, मग या सदरात कराटे का नाही? टाळत होतो, कारण त्यात माझीच फजिती आहे. आता सांगतोच.

आमची धाकटी अकरा वर्षांची. एप्रिलमध्ये तिची हिरव्या पट्ट्याची परीक्षा होती. ती ठोसा मारायला लागली की बाकावरून माझं सुरू, “जोर लाव, जोर लाव!” तिने लावला. दात आवळले, मूठ आवळली, खांदे कानाला टेकले. आणि नापास झाली. गाडीत रडून रडून म्हणाली, “मी आता जाणारच नाही.” मला राग आला तो सरांचा. दुसऱ्या दिवशी भांडायलाच गेलो.

सरांनी वाद घातला नाही. म्हणाले, मूठ घट्ट आवळा, दंड दगडासारखा करा आणि हवेत ठोसा मारा. मारला. मग म्हणाले, आता हात लोंबता सोडा आणि ओला टॉवेल झटकता तसा मारा. हात सुटला तो मलाच कळायच्या आत. भांडण तिथेच संपलं.

कारण अगदी साधं आहे. दंडाचा पुढचा स्नायू कोपर दुमडतो, मागचा कोपर सरळ करतो. ठोसा मारताना काम मागच्याचं. ‘जोर’ म्हणून आपण दोन्ही आवळतो आणि हँडब्रेक ओढून गाडी चालवल्यासारखं होतं. शिवाय ठोसा एकट्या हाताचा नसतोच. टाच जमिनीला रेटते, कंबर वळते, ती गती पाठीतून, खांद्यातून मुठीपर्यंत येते. खांदा ताठ असला की ती वाटेतच अडते. आणि शाळेतलं भौतिकशास्त्र आठवत असेल तर, मूठ तेवढीच आणि वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. म्हणून वेग खाणारा ताठरपणा परवडत नाही.

पण सैल म्हणजे लुळं नव्हे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. मूठ लक्ष्याला लागते त्या क्षणी अंग आवळलं पाहिजे, नाहीतर मनगट मुरगळतं. कराटेत या आवळण्याला ‘किमे’ म्हणतात. क्षणभर आवळायचं, लगेच सोडायचं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅक्‌गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही अव्वल लढवय्यांच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून हेच मोजलं आणि २०१० साली प्रसिद्ध केलं. स्नायू सुरुवातीला आवळतात, हात-पाय वेग घेताना सैल पडतात आणि आघाताच्या वेळी पुन्हा आवळतात. दोन आवळण्यांच्या मधली ती ढील शिकायलाच वर्षं लागतात.

जपान्यांना हे यंत्रांच्या आधीच ठाऊक होतं. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एका देवळात, बारा चटयांच्या जागेत ज्यूदो शिकवायला सुरुवात केली. त्यातल्या ‘ज्यू’चा अर्थच मऊ, नमतं घेणारा. समोरच्याने ढकललं तर आपण उलट ढकलायचं नाही, त्याच्याच रेट्याने त्याला पाडायचं. ताठ उभा राहणारा आयताच सापडतो.

आमच्या आई तेव्हा भारतातून आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. जेवताना हे सगळं त्यांच्यासमोर मोठ्या ऐटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “मुसळ आवळून धरलं की हाताला फोड येतात. वर न्यायचं आणि पडू द्यायचं. यात एवढं काय?” मग नातीला ओट्यापाशी नेऊन लाटणं हातात दिलं आणि बराच वेळ दोघींचं काहीतरी चाललं होतं. मी तिथे गेलो नाही. एकदा शहाणपणा करून झाला होता.

बाकावर बसणाऱ्यांनी पोराच्या मुठीकडे बघूच नये. खांदे बघा, वर चढलेत का. जबडा बघा. ठोसा सुटताना श्वास बाहेर जातोय की छातीत अडकलाय, ते बघा. ती आरोळी असते ना, ती नुसती भीती घालायला नाही, तिने श्वासही सुटतो. आणि आमच्यासारखे पन्नाशीचे वीर हे वाचून बेसमेंटमध्ये प्रयोग करणारच, तर हवेत ठोसा मारताना कोपर खाडकन पूर्ण सरळ करू नका, किंचित दुमडलेलं राहू द्या. मी केलं होतं. दोन आठवडे मसाल्याच्या बरणीचं झाकण बायकोने उघडलं.

धाकटी जूनपासून पुन्हा क्लासला जाते आहे. फेरपरीक्षा डिसेंबरात आहे. मला पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहायचा हुकूम झाला आहे.