उसाची साखर तपासतो, माणसाची कोण तपासणार?



या पानावर मी एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांबद्दल लिहितो. मागच्या अंकात पाचट कुजवण्याचे लिहिले, पुढच्या अंकात हुमणीचे लिहिणार आहे. मधला हा अंक मी वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषय आरोग्याचा आहे. मी डॉक्टर नाही, शेतकीची पदविका घेतलेला माणूस आहे. तेव्हा औषधपाण्याचे काही सांगणार नाही. पण वीस वर्षे फडातून फिरताना एक गोष्ट शिकलो. रोग बांधावरून दिसायला लागला, म्हणजे आतले निम्मे पीक गेलेले असते. माणसाचेही तसेच आहे, हे मला गेल्या वर्षी विरारमध्ये कळले, आणि फार महागात कळले.

वसई-विरार आपल्याला परके नाही. आपल्या कार्यक्षेत्रातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा तरी नालासोपाऱ्याला नाहीतर विरारला खोली करून आहे. माझी थोरली बहीण आणि दाजी पंचवीस वर्षांपूर्वी असेच तिकडे गेले. दाजी वसईच्या एका कारखान्यात फिटर. सकाळी सहाला डबा घेऊन बाहेर पडायचे, रात्री आठला घरी. पायातल्या सेफ्टी बुटाने अंगठ्याला फोड आला. दुखत नव्हते म्हणून लक्ष दिले नाही. पुढे फुटला, चिघळला, तेव्हा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सुई मारून घेतली. एक आठवडा, दोन आठवडे, असा महिना गेला. अंगठा काळा पडला तेव्हा अक्काचा फोन आला. गळीत संपायला आले होते, तरी मी रजा टाकून निघालो.

खासगी रुग्णालयात आधी अनामत रक्कम मागितली. ती भरली. डॉक्टरांनी विचारले, "शुगर किती वर्षांपासून आहे?" दाजी म्हणाले, "मला कुठली शुगर? मी तर चहा पण बिनसाखरेचा पितो." रक्त तपासले तर आकडा चारशेच्या वर. आठ दिवसांनी मुंबईला हलवावे लागले. अंगठा गेला, मग बोटे गेली, शेवटी अर्धे पाऊल गेले. सगळा खर्च दोन लाख चाळीस हजार. एकरी चाळीस टन उतार आणि टनाला तीन हजार भाव धरा. म्हणजे दोन एकरांचे वर्षाचे संपूर्ण बिल झाले, तेही लागवडीचा खर्च न काढता. फिटरचे काम उभ्याने करायचे असते. ते सुटले ते सुटलेच.

मला लागलेली गोष्ट पुढेच आहे. त्यांच्या खोलीपासून दहा मिनिटांवर एक सरकारी आरोग्य केंद्र होते. तिथे बोटाला टोचून रक्तातली साखर फुकट बघतात. दाजी तिथे कधी गेले नाहीत. मी विचारले तर म्हणाले, "मी निघतो तेव्हा ते बंद असतं, येतो तेव्हाही बंद असतं. आणि दुखतच नव्हतं, तर कशाला जायचं?"

मी गप्प बसलो. तोडणीच्या आधी मी तुमच्या उसाला रिफ्रॅक्टोमीटर लावतो. बुडख्याचा रस, मधल्या कांड्यांचा रस, शेंड्याचा रस, तिन्हींचा ब्रिक्स बघतो आणि मगच तोडीचा प्रोग्रॅम लागतो. ऊस काही "माझं दुखतंय" म्हणून सांगायला येत नाही, आपण त्याच्याकडे जातो. घरचा माणूस मात्र पन्नाशी ओलांडून गेला तरी त्याची साखर मी कधी विचारली नव्हती.

मोठे शहर, लांबचे रुग्णालय

हे एकट्या दाजींचे नशीब म्हणून सोडून देता येणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. यांतल्या पुष्कळांना तो आहे हेच ठाऊक नसते.

आता वसई-विरारचेच बघा. केळी, पानवेल आणि भाजीपाल्याचा हा बागायती मुलूख. चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून २००९ साली इथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती, आणि तेव्हापासून ती वाढतेच आहे. शहरात ५० हजार लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा दंडक आहे. त्या हिशेबाने २०११ च्याच माणसांना चोवीस केंद्रे लागतात. ही पहिली पायरी भक्कम नसली, की साधा ताप आणि साधी जखमसुद्धा खासगी दवाखान्यात जाते, नाहीतर थेट मुंबई गाठते. चर्चगेट तिथून साठ किलोमीटर.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला वसई-विरार, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा. जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हलला होता. डोंगरात आजही पावसाळ्यात बाळंतिणीला डोलीतून न्यायची वेळ येते. महामार्गावर गाडी असते, तर वाट नसते. २०२५ च्या पावसाळ्यात पालघरहून मुंबईकडे निघालेली रुग्णवाहिका वाहनांच्या कोंडीत अडकली आणि आतला रुग्ण वाटेतच गेला. डोंगर असो की शहर, उपचार घरापासून लांब आहे हे दुखणे एकच.

मोठे रुग्णालय उभे राहिले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बालके गेली. सगळ्या रुग्णालयांची तपासणी करा, असे तेव्हा फर्मान निघाले. साडेतीन महिनेही झाले नव्हते, तोच २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे तेरा रुग्ण दगावले. इमारतीचीही वेळेवर तपासणी लागतेच.

बेणेमळा आणि उपकेंद्र

गेल्या सर्वसाधारण सभेत काही सभासदांनी मागणी केली, की कारखान्याने शंभर खाटांचे रुग्णालय काढावे. मागणीमागचा कळवळा मला समजतो. प्रवरानगरच्या मंडळींनी लोणीला केवढे मोठे रुग्णालय उभे केले, हे आपण सारे जाणतो. तरीही नम्रपणे माझे मत वेगळे आहे. आपल्याला आज इमारतीपेक्षा तपासणीची गरज जास्त आहे.

आपण बेणेमळा तीन टप्प्यांत करतो. मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित. मूलभूत बेण्यात काणी किंवा गवताळ वाढ शिरली, तर पुढे कितीही खत ओता, उपयोग नाही. आरोग्याचीही रचना तीनच टप्प्यांची आहे. सपाटीवर ५ हजार लोकांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात ३ हजारांमागे एक उपकेंद्र. त्यावर ३० हजारांमागे, डोंगरात २० हजारांमागे, प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याच्याही वर ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालय. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच गावपातळीपासून अशी उतरंड रचायला सांगितले होते. ऐंशी वर्षे होत आली. आपण वरचे मडके रंगवत बसलो आणि खालचे गळतेच राहिले.

खालचे मडके भरले की काय होते, ते महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले. दुष्काळी भाग, ऊसतोडीला जाणारी माणसे. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्य सेविका केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. बाळंतपण, लसीकरण, स्वच्छ पाणी, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, अशी साधीच कामे. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना घरोघर जाऊन तान्ह्या बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हजार जन्मांमागे नवजात बालकांचे मृत्यू ६२ होते, ते २५ च्या आसपास आले. एकही मोठे रुग्णालय न बांधता! २००५ साली देशभर ज्या आशाताई नेमल्या गेल्या, त्यांच्यामागे अशाच कामांचा अनुभव आहे.

आपल्याच धंद्यातले उदाहरण घ्या. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा सुरुवातीला सगळे फवारे घेऊन धावले. आठ-दहा फुटी उसात शिरून फवारणार किती? शेवटी तो आटोक्यात आला तो पानामागे बघत फिरल्याने, बाधित पाला वेळीच काढल्याने आणि मित्रकीटक सोडल्याने. आशाताई आणि आरोग्य सेविका हे आपल्या गावचे मित्रकीटक आहेत, असे म्हटले तर त्यांनी रागावू नये. त्यांना वेळेवर मानधन आणि औषध मिळाले पाहिजे.

पैसा आणि पहारा

कोणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात जातो कोण? डॉक्टर जागेवर नसतो, औषध बाहेरून आणा म्हणतात. तक्रार खरी आहे. त्याला एक कारण पैशाचे. आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असे २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिले होते. २०२१-२२ च्या हिशेबात तो १.८४ टक्के भरला. देशात आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांत २०१३-१४ साली ६४ रुपये लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ साली ३९ जात होते. सुधारणा आहे, नाही कशी म्हणावी? पण हे ३९ रुपये ज्याच्या घरातून जातात, त्याला सोसायटीचे कर्ज काढावे लागते.

दुसरे कारण आपले आहे. काट्यावर वजन बरोबर होते की नाही, हे बघायला आपण रात्री बारा वाजता उभे राहतो. उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर सभेत अध्यक्षांना जाब विचारतो. उपकेंद्राला मात्र सहा महिने कुलूप असले तरी ग्रामसभेत कोणी हात वर करत नाही. गावच्या आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत निधी येतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? जिथे आपण पहारा ठेवला, तिथे सहकार टिकला. आरोग्यही तसेच टिकेल.

आपण काय करू शकतो

संचालक मंडळापुढे मी चार गोष्टी ठेवल्या आहेत. त्या इथेही मांडतो.

पहिली. लागणीची नोंद करायला सभासद गट ऑफिसात येतोच. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासावा. घरच्या बाईमाणसालाही बरोबर आणावे. ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट आहे. आपण फक्त जागा, दिवस आणि निरोप द्यायचा.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत निकडीची. आपला ऊस जे तोडतात त्यांची. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तरुण बायकाही होत्या. आजारपणाने खाडा पडला की मजुरी कापली जाते, फडावर ना आडोसा ना पाणी. मग दुखणे कायमचे मिटवू म्हणून बायका शस्त्रक्रियेला तयार होतात, आणि करणारेही भेटतात. आपल्या साखरेला हा डाग आहे. टोळी उतरली की आठ दिवसांत सगळ्यांची तपासणी, गरोदर बाईची आणि लहान मुलांची जवळच्या केंद्रात नोंद, तळावर पाणी आणि संडास, आणि आजारपणाच्या दिवसाला दंड नाही, हे मुकादमाच्या करारातच लिहून घ्यावे.

तिसरी. दवाखान्याची वेळ. कामकरी माणूस दिवसा मोकळा नसतो. राज्याने २०२३ साली 'आपला दवाखाना' योजना दुपारी दोन ते रात्री दहा या वेळेसाठी आणली. कल्पना उत्तम. आपल्या तालुक्यात तो आहे का, आणि रात्री नऊ वाजता खरोखर उघडा असतो का, हे आपण जाऊन बघू या.

चौथी. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावातून निदान एका सभासदाने तीन प्रश्न विचारावेत. उपकेंद्र किती दिवस उघडे होते? कोणती पदे रिकामी आहेत? आरोग्य समितीचा निधी कशावर खर्च झाला? उत्तर लेखी घ्यावे आणि गट ऑफिसात द्यावे. मी ते या पानावर छापीन.

यातल्या कशालाही शंभर खाटा लागत नाहीत. रुग्णालय नकोच, असे माझे म्हणणे नाही. अपघात होतील, बाळंतपणे अडतील, तेव्हा ते लागेलच. पण दाजींना रुग्णालय हवे होते ते शेवटच्या महिन्यात. त्याआधी कित्येक वर्षे त्यांना फक्त रक्ताचा एक थेंब तपासणारा माणूस हवा होता.

दाजी आता गावी परत आले आहेत. काठी घेऊन बांधापर्यंत जातात. परवा मी त्यांच्या भावाच्या उसाला रिफ्रॅक्टोमीटर लावत होतो. काचेतून बघून म्हणाले, "एकवीस. चांगली आहे की!" मग थोडे थांबून म्हणाले, "पाव्हणं, हे यंत्र माणसाला लावायचं तुम्ही कधी सुरू करणार?"

गट ऑफिसातली पहिली तपासणी येत्या महिन्यात घ्यावी, असे मी सुचवले आहे. मंजुरी मिळताच तारीख फलकावर लागेल. त्या दिवशी सर्वांनी यावे. पहिले बोट मी पुढे करीन.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी