‘सा’ हलला पाहिजे!

पेटी शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी काय सांगतात? पांढरी एकवर ‘सा’ धर आणि पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजव. झाले सात शुद्ध स्वर! पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दहा थाटांत शुद्ध स्वरांचा म्हणून मानलेला बिलावल तो हाच. पियानोचे विद्यार्थी यालाच मेजर स्केल म्हणतात. सुरुवात म्हणून हे योग्यच आहे. परंतु पुष्कळांचे शिक्षण तेथेच थांबते, ही माझी तक्रार आहे.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पाठांतर आणि समज यांतला फरक मला येथे आल्यावर कळला. पेटीचेही तसेच आहे. पट्ट्या पाठ करणे वेगळे, पट्ट्यांमधले अंतर समजणे वेगळे. काळ्या-पांढऱ्या मिळून सप्तकात बारा स्वर असतात व ते सारख्या अंतरावर जुळवलेले असतात. ‘सा’पासून दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशी घरे मोजत गेले की शुद्ध सप्तक तयार होते. ‘सा’ पांढरी पाचवर धरला तर एकच काळी लागते, ती काळी तीन. काळी चारवर धरला तर चार काळ्या आणि तीन पांढऱ्या लागतात. पट्ट्या बदलतात, अंतर बदलत नाही.

कुणी म्हणेल, आधी बोटे तर बसू द्या! जरूर बसू द्या. पण बोटे बसल्यावर ‘सा’ हलवायला शिकवा.

पाटोद्याच्या आसपास गावोगावी भजन आहे, म्हणून हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाही. पुरुषांचा आवाज साधारणपणे काळी एक-दोनला रमतो, स्त्रियांचा काळी चार-पाचला. पेटीवाल्याला एकच पट्टी येत असेल तर गाणाऱ्या मुलीचा गळा खाली दबतो किंवा वर ताणतो. मग तिलाच ऐकावे लागते, “पोरी, तुझा आवाज बसत नाही.” वास्तविक बसत नसते ती पट्टी! अशा एका वाक्याने किती मुली कायमच्या गप्प झाल्या असतील!

पेटी शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे : एक अलंकार शिकवा, पण तो बाराही ठिकाणांहून वाजवून घ्या. पेटीने गळ्याच्या मागे जावे, गळ्याने पेटीच्या मागे नव्हे.