पंपावरचा भाव कोण ठरवतं?

गेल्या ईदला परभणीला गेलो होतो. माझे मामू तीस वर्षं ट्रक चालवतात. डिझेल भरून घरी आले, पंपाची पावती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "इंजिनिअर, ये भाव कौन तय करता रे?" मी सुरुवात केली, की कच्चं तेल महाग झालं की... त्यांनी मध्येच थांबवलं. "और सस्ता हुआ तब?"

मला उत्तर देता आलं नाही. आपल्या मोहल्ल्यात ट्रक, टेम्पो, रिक्षा चालवणारे आणि दुचाकीवर डिलिव्हरी करणारे किती आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. कोकणात मच्छीमार भाऊबंदांच्या ट्रॉलरलाही डिझेलच लागतं. ज्या आकड्यावर इतक्या घरांचा महिना चालतो, तो कसा बनतो हे शिकलेल्या भाच्याला माहीत नसावं, याची लाज वाटली. म्हणून हिशेब करायला बसलो.

आधी फरकाचं पाहू. डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त का? "ते कमी प्रतीचं तेल आहे" असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कच्चं तेल तापवलं की पेट्रोल आधी निघतं, डिझेल जास्त तापमानाला. एका लिटर डिझेलमध्ये ऊर्जा उलट थोडी जास्तच असते आणि जगाच्या बाजारात अनेकदा डिझेल पेट्रोलपेक्षा महाग असतं.

आता जुलै २०२४ मधला मुंबईचा दर घ्या. पेट्रोल १०३.४४ रुपये, डिझेल ८९.९७. फरक साडेतेरा रुपयांचा. केंद्राचं उत्पादन शुल्क पेट्रोलवर १९.९० रुपये होतं, डिझेलवर १५.८०. राज्याचा व्हॅट पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये, डिझेलवर २१ टक्के. हे दोन्ही कर वजा केले तर माझ्या ढोबळ हिशेबाने दोन्ही इंधनांचे साडेअठ्ठावन्न रुपयांच्या आसपास उरतात. त्यात तेल, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन, सगळं आलं. म्हणजे साडेतेरा रुपयांचा तो फरक जवळजवळ सगळा कराचा आहे.

कोणाला शंका असेल तर दिल्लीचं उदाहरण आहे. मे २०२० मध्ये तिथल्या सरकारने डिझेलवरचा व्हॅट ३० टक्क्यांवर नेला. २४ जूनला दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. जुलैअखेर व्हॅट पुन्हा १६.७५ टक्क्यांवर आणला आणि डिझेल एका फटक्यात आठ रुपयांहून जास्त उतरलं. तेल तेच होतं, बदलली होती ती सरकारची सही.

आता चढउताराचं. पेट्रोलचा दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा दर लागू होऊ लागला. कागदावर सूत्र सरळ आहे: जागतिक बाजारातला भाव आणि रुपया-डॉलरचा दर बदलला की पंपावरचा भाव बदलायचा. आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, तेव्हा बाजाराचा धक्का बसणारच.

मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रोग्राम आतून दिसत नसेल तर आम्ही इनपुट बदलतो आणि आउटपुट काय येतं ते पाहतो. इथे इतिहासाने ते काम करून ठेवलं आहे.

पहिली चाचणी: तेल पडलं तेव्हा काय झालं? २०१४ च्या मध्याला बॅरलमागे ११० डॉलरच्या आसपास असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्याही खाली गेलं. त्या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. कोविडमध्ये तेल पुन्हा कोसळलं, तेव्हा मे २०२० मध्ये पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एकदम चढवले. २०१४ च्या सुरुवातीला डिझेलवर केंद्राचा कर लिटरमागे ३.५६ रुपये होता, तो २०२० मध्ये ३१.८३ झाला. मामूंच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: स्वस्ताईचा मोठा वाटा तिजोरीत गेला.

दुसरी चाचणी: निवडणूक आली तेव्हा काय झालं? नोव्हेंबर २०२१ पासून २२ मार्च २०२२ पर्यंत, १३७ दिवस, रोज बदलणारा दर जागचा हलला नाही. त्याच काळात युक्रेनचं युद्ध पेटलं आणि तेल १३० डॉलरच्या वर जाऊन आलं. पाच राज्यांचे निकाल १० मार्चला लागले. मग सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ झाली, एकूण दहा रुपये. त्यानंतर मूळ दर पुन्हा गोठला. तेल उतरलं तरी कंपन्यांनी कपात केली ती थेट १५ मार्च २०२४ ला, दोन रुपयांची. दुसऱ्याच दिवशी लोकसभेची निवडणूक जाहीर झाली.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. कर वाईटच असतो असं नाही. रस्ते, दवाखाने त्यातूनच चालतात. डिझेल कृत्रिमरीत्या स्वस्त ठेवण्याचा काळही आपण पाहिला आहे. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ होतं. ट्रॅक्टर आणि एसटीच्या नावाने दिलेली ती सवलत डिझेलच्या मोठ्या गाड्या घेणाऱ्यांनीही भरपूर उपभोगली. राज्यंही निर्दोष नाहीत. व्हॅट टक्केवारीत असल्याने मूळ भाव वाढला की काही न करता राज्याची कमाई वाढते. पण राज्यांच्याही तक्रारीत तथ्य आहे. २०२१ मध्ये पेट्रोलवरच्या जवळपास ३३ रुपयांच्या केंद्रीय शुल्कापैकी राज्यांच्या वाट्यासाठी मोजलं जाणारं मूळ शुल्क फक्त १.४० रुपये होतं. बाकी सगळा सेस आणि अधिभार, त्यात राज्यांचा हिस्सा नाही.

माझा आक्षेप कर घेण्याला नाही, तो लपवून घेण्याला आहे. पगारावरचा कर कमाई बघून लागतो. लिटरवरचा कर मामूंच्या ट्रकलाही तेवढाच आणि मंत्र्याच्या गाडीलाही तेवढाच. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून परभणीला तेल यायचं म्हणजे वाहतुकीचा खर्च वेगळा. म्हणून मराठवाड्यातला गरीब मुंबईच्या श्रीमंतापेक्षा महाग पेट्रोल भरतो.

तेव्हा मित्रांनो, दोन साध्या मागण्या घेऊन बोलू या. हॉटेलच्या बिलावर कर वेगळा छापतात, तसा पंपाच्या पावतीवर तेल, केंद्र, राज्य आणि कमिशन यांचा हिशेब छापा. आणि दर रोज बदलणार असेल तर दोन्ही दिशांनी बदलू द्या. सरकारच ठरवणार असेल तर तसं उघड सांगा आणि विधिमंडळात, संसदेत जबाब द्या. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हे दोन प्रश्न विचारा. व्हॉट्सॲपवर भाववाढीचे विनोद फिरवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मामूंना मी हा सगळा हिशेब फोनवर सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मतलब, मैं टैक्स भरता!" ट्रकवाले कर भरत नाहीत, असं त्यांना आयुष्यभर कोणी ना कोणी ऐकवत आलं होतं.